मुलांना दिलेला मार : तो काय करतो, आणि त्याऐवजी काय करता येते

मुलाला मारण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते एकदा मोजून पाहा. चापट, टपली, धपाटा, रट्टा, फटका, गुद्दा, चिमटा, थोबाडीत, कानाखाली, बदडणे, चोपणे, झोडपणे. हे झाले सरळ शब्द. यांच्याशेजारी आणखी एक पंगत बसलेली आहे : धम्मकलाडू, चापटपोळी, हाताचा प्रसाद, पाठपूजा, चौदावे रत्न. मारणाऱ्याने मार 'द्यायचा' आणि मुलाने तो 'खायचा', अशी आपली क्रियापदेसुद्धा आहेत. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत तर धपाटा तव्यावरही पडतो आणि पाठीतही. ज्यांनी मुलाच्या माराला ताटातले आणि देवघरातले शब्द दिले, ती माणसे क्रूर होती असे मला वाटत नाही. ज्यांना मुलांची माया होती आणि मारताना मनात कुठेतरी बोचत होते, त्यांनीच ही गोड नावे पाडली असावीत, असा माझा तर्क आहे.

डॉक्टरला व्याख्यानमालेसाठी लिहायला सांगितले, की रक्तदाब किंवा मधुमेह यांवर लेख येणार असे वाचक धरून चालतात. मी हा विषय घेतला याचे कारण असे, की दवाखान्यात आईवडील मुलाला घेऊन येतात, खोकला-पोटदुखी सांगून होते, आणि उठता उठता एक वाक्य हमखास येते : "डॉक्टर, फार हट्टी झालाय हो. मारल्याशिवाय ऐकतच नाही. त्याच्यावर काही गोळ्या आहेत का?" त्या वाक्यातच सगळा प्रश्न आहे. मुलाला मारण्याविषयी आपण नीती, संस्कार, परंपरा या भाषेत बोलतो. मला आधी शरीराच्या भाषेत बोलू द्या.

मोठ्या माणसाचा हात आपल्याकडे येताना पाहिला, की मुलाच्या शरीरात धोक्याची घंटा वाजते. छाती धडधडते, स्नायू ताठतात, रक्तात अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढते. ही व्यवस्था वाघापासून पळण्यासाठी आहे. पळायचे कसे ते तिला कळते, पाढा का चुकला ते तिला कळत नाही. विचार करणारा, मागचा-पुढचा संबंध जोडणारा मेंदूचा पुढचा भाग अशा वेळी मागे पडतो. हा भाग तसाही विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, पाच वर्षांच्या मुलात तो किती असणार? म्हणून मार बसल्यावर "आता कळलं का, का मारलं?" असे विचारले, तर मूल मान हलवते, पण त्याला कळलेले असते ते एवढेच, की कोणी मारले आणि पुढच्या वेळी कोणाला दिसता कामा नये.

इजेचे म्हणाल, तर "हलक्या हाताने" मारण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. कानशिलावर सपाट तळहात बसला, तर कानाच्या नळीतली हवा आत दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. तान्ह्या मुलाला खांदे धरून गदागदा हलवणे तर त्याहून घातक. डोके जड, मान कच्ची, त्यामुळे कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून अंगावर एक वळही दिसत नाही. रात्रभर रडणाऱ्या बाळाला वैतागून हलवणाऱ्या आईबापांना हे माहीत नसते. ते प्रत्येक प्रसूतिगृहात सांगायला हवे.

पण वळ उठावा इतका मार बहुतेक घरांत नसतो, आणि युक्तिवादही नेमका तिथेच येतो : "आम्ही काय बदडत नाही, एखादी चापट." त्या एखाद्या चापटीचाच अभ्यास झालेला आहे. एलिझाबेथ गर्शॉफ या अमेरिकेतल्या संशोधिकेने २००२ साली ८८ अभ्यास एकत्र करून पाहिले. मारानंतर मूल त्या क्षणी ऐकते, हा एकच अनुकूल परिणाम त्यांत सापडला. बाकीचे सगळे उलट दिशेने जाणारे होते. २०१६ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी जबर मारहाण बाजूला काढली आणि फक्त उघड्या हाताच्या चापटीचे अभ्यास घेतले : पाच दशकांतले, एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांचे. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ ठिकाणी ठळक संबंध दिसला, आणि तेराही ठिकाणी तो नुकसानीचा होता. अधिक आक्रमकपणा, अधिक चिंता, आईवडिलांशी दुरावा, शिकण्यात मागे पडणे. परिणामाचे माप मोठे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. एका चापटीने आयुष्य उद्ध्वस्त होते असे कोणीही म्हणत नाही. म्हणणे इतकेच, की जे साधावे म्हणून ती मारतो, ते तिने साधत नाही.

यावर एक चांगली शंका निघते. मुळात वात्रट मुलालाच जास्त मार बसत असेल, तर मारामुळे वात्रटपणा आला असे कसे म्हणणार? म्हणून मुलांच्या मागे वर्षानुवर्षे राहून केलेले अभ्यास लागतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली अशा ६९ अभ्यासांचा आढावा आला. मार खाणाऱ्या मुलांचे वागणे काळाबरोबर सुधारले, असे त्यात दिसले नाही. बहुतेक अभ्यासांत ते बिघडत गेलेले दिसले. आमच्या पॅथीत लक्षण दाबणे आणि रोग बरा करणे यांत फरक करायला पहिल्या वर्षापासून शिकवतात. तुम्ही होमिओपॅथी माना वा न माना, मार हे लक्षण दाबण्याचे उत्तम उदाहरण आहे. तो लगेच लागू पडतो, म्हणून आपल्याला औषध वाटतो. मग मात्रा वाढवावी लागते. चापटीचा परिणाम दोन महिन्यांत सरतो, पट्टी येते, पुढे पट्टा येतो.

"आम्हीही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले?" हा प्रश्न मला वयाने मोठी माणसे विचारतात. त्यांच्या मागे मराठी साहित्याचे एक मोठे साक्षीदार उभे असतात : साने गुरुजी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला जायला घाबरणारा श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारते, हे आपल्यापैकी कोणाला आठवत नाही? आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटामुळे आणि त्यातल्या छडीच्या गाण्यामुळे ते पक्के झाले. त्या प्रसंगाचा दाखला देणाऱ्यांना माझी एक विनंती असते : बाकीचे पुस्तक पुन्हा वाचा. आंघोळीनंतर तळपायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला तीच आई मारत नाही. त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरते आणि पायांना जपतोस तसे मनाला जप, असे सांगते. बहुतेक रात्री ती बोलते, समजावते, सोसते, स्वतः करून दाखवते. शिंपटी त्या पुस्तकात अपवाद आहे, आणि मारल्यावर तीही रडते. श्याम घडला तो बाकीच्या रात्रींनी. आपण मात्र पुस्तकातून शिंपटी तेवढी उचलली, कारण ती सगळ्यांत सोपी होती.

आणि मार खाऊनही आपण नीट झालो, हे खरेच आहे. गोवर येऊनही पुष्कळ मुले नीट वाढत. तरी आपण लस टोचलीच. आपल्याला जे आईवडिलांनी दिले त्यात अन्न होते, गोष्टी होत्या, शाळेची फी होती, रात्री उशाशी बसणे होते. मारानेच आपण घडलो, असे म्हणताना त्या बाकीच्या गोष्टींचे श्रेय आपण काढून घेतो.

आता त्या "ऐकत नाही" या वाक्याकडे येतो. हे वाक्य मी आधी शब्दशः घेतो. मुलाला ऐकू येते का? वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचते. दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, मागून हाक मारली तर वळत नाही. घरात त्याचे नाव 'मुद्दाम न ऐकणारा' असे पडते आणि पाठीत धपाटा बसतो. कानाची तपासणी करून घेतली, की गुन्हा निकालात निघतो. तसेच नाकामागच्या वाढलेल्या अॅडिनॉइडमुळे रात्री घोरणारे मूल. त्याची झोप पुरी होत नाही, आणि झोप न झालेले मूल मोठ्यांसारखे पेंगत नाही, ते दिवसभर उड्या मारते. त्याला आपण 'अंगात आल्यासारखा वागतो' म्हणतो.

फळ्यावरचे उतरवून घेताना चुकणाऱ्या मुलाचे डोळे तपासा. वाचताना अक्षरे उलटसुलट करणारे, तोंडी उत्तर अचूक देणारे आणि लिहायला बसले की रडणारे मूल अध्ययन-अक्षमतेचे असू शकते. 'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा हे घराघरांत बोलले गेले, आता पुन्हा विसरले गेले आहे. बोलता बोलता पाच-दहा सेकंद टक लावून थांबणारे, हाक मारली तरी न हलणारे आणि मग काही घडलेच नाही असे पुढे चालू लागणारे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून मार खाते. ते फिटचे एक रूप असू शकते, आणि त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यायचे असते. माझ्याकडे किंवा कोणाही होमिओपॅथकडे आणून थांबायचे नसते. रक्त कमी असलेले मूल चिडचिडे होते, हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

अंथरूण ओले करण्याविषयी जरा थांबून सांगितले पाहिजे, कारण या एका कारणासाठी मुलांना जितका अपमान सोसावा लागतो तितका क्वचित दुसऱ्या कशासाठी. पाच वर्षांपर्यंत हा आजार मानतच नाहीत. त्यानंतरही ते गाढ झोपेत घडते, मूत्राशय भरल्याची वर्दी झोपेच्या आत पोहोचत नाही. बहुधा आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हेच असते, आणि आजी कधीतरी ते बोलून जाते. पुष्कळदा बद्धकोष्ठ त्याच्या मुळाशी असते. मूल हे ठरवून करत नाही. जे ठरवून केलेले नाही, ते मारून थांबणार कसे? मारले, की भीती वाढते आणि भीतीने रात्र आणखी ओली होते. गादीवर रबरी चादर घाला, संध्याकाळनंतर पाणी बेताने, झोपण्यापूर्वी लघवी, पोट साफ, आणि सकाळी चादर बदलताना चेहरा नेहमीचा. पूर्वी बरे झालेले मूल पुन्हा ओले करू लागले, किंवा तहान फार वाढली, तर मात्र लगेच तपासणी.

ही सगळी कारणे शोधूनही काही सापडले नाही तर? तेव्हा मी मुलावरून नजर काढून मोठ्यांकडे पाहतो. मार केव्हा बसतो, ते विचारतो. उत्तर फार ठरावीक असते : संध्याकाळी सात ते नऊ. आई दिवसभराची थकलेली, स्वयंपाक गॅसवर, वडील नुकतेच आलेले, गृहपाठ बाकी, मोबाईल काढून घेतलेला, मूल भुकेले. सकाळी जी खोडी हसण्यावारी नेली, तीच रात्री आठला धपाट्याची होते. खोडी तीच असेल आणि शिक्षा बदलत असेल, तर शिक्षा खोडीची नाही, आपल्या थकव्याची आहे.

आमच्या दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्र वाचले जाते, रोज एक अध्याय. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो. त्यात हिंसेची जी व्याख्या आहे, ती मारणाऱ्याच्या मनापासून सुरू होते : प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, कषायांच्या, रागाच्या अधीन झालेले मन. जखम त्यानंतर येते. पुढे त्याच अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच दोष सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. इथे वध म्हणजे जीव घेणे नव्हे. टीकाकार काठी, चाबूक, वेत यांनी मारणे असा अर्थ देतात. सांगणारे पंडित बहुधा बैलाचे उदाहरण घेतात : दावे आखडून बांधणे, चाबूक, नाक-कान कापणे, गाडीत जास्त ओझे, वैरण-पाणी तोडणे. आता ही यादी बैल काढून मूल ठेवून वाचा. खोलीत कोंडणे, छडी, "जेवायला मिळणार नाही". एक छेद सोडला, तर आपल्या चांगल्या, शाकाहारी, पाणी गाळून पिणाऱ्या घरांतही बाकीचे चार आढळतात. मुंगी वाचवायला वाकणारा हात मुलावर उठतो, तेव्हा तो आपल्याला हिंसा वाटत नाही, हे मला वर्षानुवर्षे कोडे वाटत आले आहे.

त्या पाचांतल्या चौथ्या दोषाशी, अतिभाराशी, तुमच्या-माझ्या घरांचा एक खास संबंध आहे, आणि या व्याख्यानमालेच्या वाचकांसमोर तो मांडलाच पाहिजे. आपली मुले महाराष्ट्राबाहेर मराठी आहेत. बेळगावचे मूल घरी मराठी, गल्लीत मराठी-कन्नड, शाळेत इंग्रजी आणि कन्नड, वर हिंदी, अशा तीन लिप्या आणि चार भाषा वागवते. इंदूर-ग्वाल्हेरचे मूल हिंदीत विचार करते, वडोद्याचे गुजरातीत. घरातल्या मोठ्यांना मात्र मराठी जपायची असते, आणि ती इच्छा रास्त आहे. मग संध्याकाळी शुद्धलेखनाची वही निघते, किंवा पाहुण्यांसमोर नातू "माझी पुस्तक" म्हणतो आणि आजोबांची टपली बसते.

त्या चुकीकडे नीट पाहा. हिंदीत 'किताब' स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग मुळी नाहीच. इंदूरच्या मुलाने 'माझी पुस्तक' म्हटले, तर त्याने एका भाषेचा नियम दुसरीला लावला. कन्नडमध्ये माणसे वगळता बहुतेक सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी, मग बेळगावच्या मुलाला खुर्ची 'ती' आणि पलंग 'तो' का, हे कोडे पडणारच. ही चूक नियम शोधणाऱ्या बुद्धीची खूण आहे. तिच्यावर टपली मारली, की मूल लिंग सुधारत नाही, ते त्या घरात मराठी बोलणे कमी करते. घरात हिंदी किंवा इंग्रजीत उत्तर देणारी नातवंडे आपण पाहतोच. त्यांतल्या कितींच्या मराठीला पहिला धक्का वहीवर बसलेल्या पट्टीने लागला असेल? ज्या भाषेत मार बसतो त्या भाषेकडे मूल आपण होऊन वळत नाही. 'माझं पुस्तक' एवढेच आपण सहज, बरोबर म्हणून बोलणे पुढे न्यावे, मूल काही दिवसांनी स्वतः ते उचलते. झोपताना मराठी गोष्ट, आजीबरोबर भाजी निवडताना मराठी गप्पा. मराठी ही घरातली सुखाची जागा राहिली, तर ती टिकेल.

गोष्टींचे सामर्थ्य काय असते, ते भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी दाखवले. हा माणूस वकिली सोडून मुलांकडे वळला आणि १९२० मध्ये त्याने दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक पहिल्या दिवशी गोंधळ घालणाऱ्या वर्गाला शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि वर्ग आपोआप गप्प होतो. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंबरोबर काम करत, मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवत, पुढे बोर्डी आणि कोसबाडपर्यंत हा विचार घेऊन गेल्या. छडीवाचून शिकवणे हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीचे हे घरचेच उदाहरण पुरावे.

मारायचे नाही म्हणजे मोकळे सोडायचे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. मर्यादा हवीच. दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलाला 'नाही' हा शब्द कळतो, पण हात आवरता येत नाही. त्याच्यापुढून काचेचे भांडे उचला, गॅसची नळी बंद ठेवा, प्लगवर झाकण बसवा. त्या वयात शिस्त घराला लावायची असते, मुलाला नाही. विस्तवाकडे धावले तर घट्ट धरून उचला, तेही पुरते.

तीन ते सहा या वयात हट्टाचे मोठे झटके येतात. बाजारात जमिनीवर लोळण घेणारे मूल आपल्याला लोकांसमोर लाजवते आणि खरे तर तीच लाज आपल्या हाताला येते. त्या वेळी त्याच्याशी वाद घालू नका, ते ऐकण्याच्या स्थितीत नसते. बाजूला न्या, जवळ बसा, झटका ओसरू द्या, आणि मागितलेली वस्तू मात्र देऊ नका. झटका ओसरल्यावर दोन वाक्यांत बोला. मागणीला चापट आणि नंतर कीव येऊन चॉकलेट, ही जोडी सगळ्यांत वाईट. मूल त्यातून शिकते की चापट हा चॉकलेटचा भाव आहे. खेळ थांबवायचा असेल तर पाच मिनिटे आधी सांगा, निवड द्यायची तर खरी द्या : आधी आंघोळ की आधी दूध? आंघोळ करायची की नाही, ही निवड त्याच्यापुढे ठेवायचीच नाही.

सहाच्या पुढे मुलाला परिणाम समजतात. सांडले तर पुसायचे, भिंत रंगवली तर फडके घेऊन धुवायची, मित्राची वस्तू तोडली तर खाऊच्या पैशांतून भरपाई, सायकल रात्री बाहेर टाकली तर दुसऱ्या दिवशी सायकल नाही. परिणामाचा खोडीशी संबंध असला पाहिजे आणि तो आधी सांगितलेला असला पाहिजे. खोटे बोलले म्हणून उपाशी, यात काही संबंध नाही. मारणाऱ्या घरात मुले जास्त खोटे बोलतात, कारण खरे बोलण्याची किंमत तिथे अंगावर मोजावी लागते. किशोरवयात तर हात उचलणे निरुपयोगीच. मुलगा उंचीने वडिलांच्या बरोबरीचा झाला, की त्या घरात एक दिवस असा येतो जेव्हा तो हात धरतो. तोवर बोलण्याची सवय लागली नसेल, तर त्या दिवसापासून काहीच हाती उरत नाही.

हात थांबवला आणि जीभ सोडली, हाही पर्याय नव्हे. "तुझ्यापेक्षा ती बघ", "तुला रस्त्यावरून उचलून आणलंय", "पोलिसाला देईन" हे वळ न उठणारे मार आहेत. "डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी माझ्या दवाखान्यात फुकट जाते, कारण मुलांना ठाऊक असते की इथे साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या मिळतात. पण त्यामुळे उद्या खरेच लस घ्यायची वेळ आली, की ते मूल तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

सगळ्यांत कठीण भाग स्वतःचा राग. राग येणारच. हात वर गेला आहे असे लक्षात आले, की तो खाली आणून खोलीबाहेर जा. मूल सुरक्षित असेल तर पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. पाणी प्या, तोंड धुवा. "मला आता फार राग आला आहे, थोड्या वेळाने बोलू", हे मुलाला मोठ्याने सांगा. रागावलेल्या माणसाने काय करायचे, हे ते तुमच्याकडे पाहूनच शिकत असते. सात ते नऊचा तो गुंता आधी सोडवा : मुलाला सहालाच पोटभर खायला द्या, गृहपाठ स्वयंपाकाच्या वेळी नको, वडिलांनी घरी आल्या आल्या हिशेब मागायला बसू नये. निम्मा मार एवढ्यानेच थांबतो, हा माझा अनुभव आहे. आणि तरीही हात उठलाच, तर नंतर मुलाजवळ जाऊन "मी मारायला नको होते" असे म्हणण्याने आईबापांचा मान कमी होत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. गोव्याने त्याआधीच २००३ च्या बालकायद्यात शाळांतली शारीरिक शिक्षा बंद केली होती. तरी अजून काही पालक शिक्षकाला "चमडी तुमची, हाडे आमची" असे सांगून येतात. अशी परवानगी देण्याचा अधिकार पालकांना नाही, आणि तिच्या भरवशावर हात उचलणाऱ्या शिक्षकाची सुटका होत नाही. घरातल्या माराला मात्र आपल्याकडे स्पष्ट, सरसकट मनाई करणारा कायदा नाही. स्वीडनने १९७९ मध्ये तो केला, जगात पहिल्यांदा, आणि लोकांना कळावे म्हणून दुधाच्या खोक्यांवर त्याची माहिती छापली. शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये केला. आपल्या केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतल्या पाहणीत बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते. गोवा, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि आंध्र त्यात होते, कर्नाटक नव्हते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे सांगितले, आणि घरात मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते. एखाद्या मुलाला होणारी मारहाण शेजारी कळत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत-क्रमांक आहे, आणि त्यावर मोठ्यांनीही फोन करायचा असतो.

एक गोष्ट आजी-आजोबांसाठी, कारण हा लेख वाचणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त असणार. मुलगा किंवा सून नातवावर हात उगारते तेव्हा तिथेच, नातवासमोर, तिला झापू नका. मुलाला वाटते आपल्याला दोन न्यायालये आहेत, आणि आईचा राग दुप्पट होतो. नातवाला हाताला धरून उठवा, "चल, झाडांना पाणी घालू" म्हणून बाहेर न्या. बाहेर गेल्यावर आईविरुद्ध बोलू नका, गोळीही पुढे करू नका. पाणी घालून होईपर्यंत दहा मिनिटे जातात. परत आल्यावर आई आणि मूल दोघेही शांत झालेले असतात, आणि फोडलेल्या कपाचे तुकडे आता दोघांनी मिळून उचलायचे असतात. सुनेशी जे बोलायचे ते रात्री, नातू झोपल्यावर, आणि सुरुवात "तू आज फार दमली होतीस" इथून करा. दुसऱ्या दिवशी सात ते आठ तो नातू तुमच्याकडे ठेवून घ्या.